चार दिवसांत फक्त २१ फेऱ्या: धंद्याआधीची ट्रायल फॉर्म्युला वनकडून शिका



"ट्रायलमध्ये वेळ कशाला घालवायचा? थेट सुरूच करू." नवीन धंदा काढणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य नेहमी ऐकू येतं. आणि त्यांचंही खरं असतं. गाळ्याचं भाडं सुरू झालेलं असतं, कर्जाचा पहिला हप्ता जवळ आलेला असतो, नातेवाइकांना मुहूर्त सांगून झालेला असतो. मग ट्रायल राहूनच जाते, आणि जे बिघडायचं ते पहिल्या गिऱ्हाइकासमोर बिघडतं.

म्हणून आज आपण एक वेगळं उदाहरण घेणार आहोत: फॉर्म्युला वन मोटार रेसिंग. रेसिंगमध्ये रस नसला तरी शेवटपर्यंत वाचा. सगळं सोपं करून सांगतो.

चॅम्पियनची गाडी बंद पडली

२७ ऑक्टोबर २०१३. दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडामधलं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. रेड बुल टीमचा सेबास्टियन व्हेटेल इंडियन ग्रां प्री जिंकतो आणि तिथेच सलग चौथं जगज्जेतेपद पक्कं करतो. त्या वर्षीच्या शेवटच्या सलग नऊ शर्यती त्याने जिंकल्या. म्हणजे टीम बेस्ट, ड्रायव्हर बेस्ट, पैसा भरपूर.

तीन महिन्यांनी, २८ जानेवारी २०१४ ला, स्पेनमधल्या हेरेझच्या ट्रॅकवर नव्या हंगामाची टेस्टिंग सुरू झाली. चार दिवसांची टेस्ट होती. या चार दिवसांत चॅम्पियन रेड बुलच्या फेऱ्या झाल्या फक्त २१! पहिल्या दिवशी ३, दुसऱ्या दिवशी ८, मग ३ आणि शेवटी ७. बाकी सगळा वेळ गाडी गॅरेजमध्ये उघडून ठेवलेली. त्याच चार दिवसांत मर्सिडीजने ३०९ फेऱ्या मारल्या.

जरा हिशोब करू. हेरेझची एक फेरी सुमारे ४.४ किलोमीटरची. म्हणजे रेड बुलची गाडी चार दिवसांत जेमतेम ९३ किलोमीटर धावली. एक शर्यत साधारण ३०५ किलोमीटरची असते, म्हणजे त्यांचं एक तृतीयांश शर्यतीइतकंही धावणं झालं नाही. मर्सिडीज मात्र साडेतेराशे किलोमीटरच्या वर धावली. जवळजवळ साडेचार शर्यतींइतकं!

असं का झालं?

२०१४ मध्ये नियम मुळापासून बदलले. आधी २.४ लिटरचं व्ही-८ इंजिन होतं. त्याच्या जागी आलं १.६ लिटरचं व्ही-६ टर्बो इंजिन, आणि त्याला जोडलेली विजेची यंत्रणा. त्यातलं एक यंत्र ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा पकडून बॅटरीत भरतं. दुसरं टर्बोला जोडलेलं होतं आणि इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूतून वीज काढायचं. या सगळ्या जोडणीला नुसतं इंजिन न म्हणता 'पॉवर युनिट' म्हणायला लागले. वर अट अशी की पूर्ण शर्यतीसाठी फक्त १०० किलो इंधन.

रेड बुलचं इंजिन रेनॉचं होतं. आता नीट लक्ष द्या. रेनॉच्या इंजिनिअरांनी तपासलं तेव्हा कळलं की कुठला एकच पार्ट खराब निघाला असं नव्हतं. इंजिन, टर्बो, बॅटरी, सॉफ्टवेअर हे सगळे भाग गाडीत एकत्र बसवल्यावर त्यांचा आपसात ताळमेळ बसत नव्हता. त्यातच रेड बुलने हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून गाडीचा मागचा भाग फार घट्ट आवळला होता. नव्या यंत्रणेची उष्णता बाहेर पडायला जागा कमी पडली आणि गाडी तापायला लागली.

मर्सिडीजचं इंजिन इंग्लंडमधल्या ब्रिक्सवर्थला बनतं आणि गाडी ब्रॅकलीला. पण या दोन्ही ठिकाणच्या लोकांनी इंजिन आणि गाडी एकमेकांना धरून डिझाइन केली. मर्सिडीजलाही पहिल्या दिवशी फटका बसलाच, बरं का. पुढचं विंग निकामी झालं आणि लुईस हॅमिल्टन बॅरिअरवर आदळला. त्या दिवशी त्याच्या १८ फेऱ्या झाल्या. पण बिघाड समजला, दुरुस्त झाला, आणि उरलेले तीन दिवस गाडी धावत राहिली.

आता तुमच्या धंद्याकडे बघा. समजा तुम्ही टिफिन सर्व्हिस सुरू करताय. भाजी उत्तम होते, पोळ्या करणाऱ्या ताई हुशार आहेत, डबे चांगले आहेत, पोचवणारा मुलगा वेळेवर येतो. वेगवेगळं बघितलं तर सगळं ठीक. पण सकाळी साडेदहाला ४० डबे भरायचे असतात, तेव्हा पोळ्या तयार असतात आणि भाजी अजून गॅसवर असते. किंवा ओट्यावर डबे मांडायलाच जागा नसते. एकही 'पार्ट' खराब नाही, पण ताळमेळ नाही. आणि हा ताळमेळ सगळं एकत्र चालवून बघितल्याशिवाय कळत नाही.

टेस्टिंगमध्ये नेमकं करतात काय?

बऱ्याच जणांना वाटतं की टेस्टिंग म्हणजे गाडी किती जोरात पळते ते बघणं. तसं नाही. गाडी आधी एकच फेरी मारून लगेच आत येते. गळती कुठे आहे का, तापमान बरोबर आहे का, सगळे सेन्सर आकडे देतायत का, ते बघतात. मग गाडीच्या अंगावर रंग लावून हवा कुठून कशी वाहते ते तपासतात. मग छोट्या धावा, मग लांब धावा. सगळ्यात शेवटी टाकी भरून, टायर बदलत, पूर्ण शर्यतीची रंगीत तालीम.

दोन धावांमध्ये शक्यतो एकच गोष्ट बदलतात. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. मसाल्याचं प्रमाणही बदललं आणि तेलही बदललं, तर गिऱ्हाइकाला नेमकं काय आवडलं ते तुम्हाला कसं कळणार?

सगळ्यात वेगवान वेळेवर भुलू नका

हेरेझच्या त्या टेस्टमधली सगळ्यात वेगवान फेरी मर्सिडीजची नव्हती. ती होती मॅक्लारेनच्या केविन मॅग्नुसन या नव्या पोराची. आणि मॅक्लारेनने त्या वर्षी एकही शर्यत जिंकली नाही.

टेस्टिंगमधली वेळ फसवी असते. टाकीत किती इंधन आहे, कुठला टायर आहे, इंजिन पूर्ण ताकदीने चालवलंय की राखून, हे बाहेरच्याला दिसत नाही. साधारण १० किलो इंधन कमी केलं की फेरीमागे तीन दशांश सेकंदाच्या आसपास वेळ वाचतो. म्हणजे टाकी जवळजवळ रिकामी ठेवली की कुणीही एका फेरीपुरता चमकू शकतो.

२००१ चं उदाहरण आहे. माजी जगज्जेता अलँ प्रोस्ट याच्या टीमची गाडी हंगामाआधीच्या टेस्टिंगमध्ये भलतीच वेगवान दिसली. प्रायोजक मिळावेत म्हणून गाडी हलकी करून पळवतायत, अशी कुजबुज तेव्हाच सुरू झाली होती. प्रत्यक्ष हंगामात टीमला फक्त ४ गुण मिळाले आणि २००२ च्या सुरुवातीला टीम बंद पडली.

आपल्याकडची 'हलकी टाकी' कुठली? उद्घाटनाच्या दिवसाची गर्दी. मित्रमंडळी येतात, फोटो काढतात, अर्ध्या किमतीची ऑफर असते, संध्याकाळी गल्ला भरतो. त्या आकड्यावर पुढच्या महिन्याचा माल भरू नका. पूर्ण किंमत, अनोळखी गिऱ्हाईक आणि मंगळवारची दुपार, या तिन्हींत धंदा कसा चालतो ती तुमची खरी वेळ.

खोलीतली टेस्ट आणि रस्त्यावरची टेस्ट

गाडीत बसवण्याआधी इंजिन 'डायनो' नावाच्या यंत्रावर चालवतात. बंद खोलीत इंजिन एका जागी घट्ट बसवायचं आणि तासन्‌तास चालवायचं. यात पुष्कळ दोष सापडतात, पण सगळे नाही.

२०१७ मध्ये होंडाचं नवं इंजिन मॅक्लारेनच्या गाडीत बसलं. बार्सिलोनाच्या टेस्टमध्ये पहिल्याच दिवशी तेलाच्या टाकीने त्रास दिला. डायनोवर ती व्यवस्थित चालली होती, कारण तिथे इंजिन जागेवरून हलत नाही. ट्रॅकवर मात्र वळण घेताना आणि ब्रेक मारताना इतका जोर येतो की टाकीतलं तेल एका बाजूला फेकलं जातं. खोलीत हा जोर तसाच्या तसा आणता आला नव्हता. त्या वर्षी मॅक्लारेन दहा टीममध्ये नववी आली आणि हंगाम संपल्यावर दोघांनी फारकत घेतली.

होंडा मात्र मैदान सोडून गेली नाही. २०१८ मध्ये टोरो रोसो या छोट्या टीमबरोबर काम केलं, २०१९ मध्ये रेड बुलला इंजिन दिलं, त्याच वर्षी ऑस्ट्रियात शर्यत जिंकली. २०२१ मध्ये मॅक्स व्हर्स्टॅपन होंडाच्या इंजिनावरच जगज्जेता झाला. हे का सांगतोय? टेस्टमध्ये बिघाड झाला म्हणजे माल वाईट, असं ठरवून टाकू नका. बिघाड कुठे आणि कशामुळे, हे शोधणारा पुढे जातो.

तुमचं घरचं स्वयंपाकघर म्हणजे डायनो. मावशीने "छान झालंय गं" म्हणणं हीसुद्धा डायनोवरचीच टेस्ट. मे महिन्याच्या उन्हात, लाइट गेलेली असताना, पैसे मोजून घेणाऱ्या माणसापर्यंत तुमचा माल चांगला पोचतो का, ही ट्रॅकवरची टेस्ट.

तुमच्याकडे इंजिनं किती?

२०१४ च्या नियमाप्रमाणे १९ शर्यतींच्या हंगामात एका ड्रायव्हरला पाचच पॉवर युनिट मिळत होती. सहावं वापरलं की शिक्षा. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शर्यतीत व्हेटेलवर हीच वेळ आली. चार वेळचा जगज्जेता, पण सुरुवात सगळ्यांच्या मागून, पिट लेनमधून. त्या पूर्ण वर्षात तो एकही शर्यत जिंकला नाही. रेड बुलची गाडी नंतर सुधारली. डॅनिएल रिकियार्डोने तीन शर्यती जिंकल्या, टीम दुसरी आली. पण उरलेल्या १६ शर्यती मर्सिडीजने नेल्या होत्या.

आणि हो, मर्सिडीजचंही सगळं सुरळीत नव्हतं. पहिल्याच शर्यतीत, मेलबर्नला, सगळ्यात पुढून सुटलेला हॅमिल्टन सुरुवातीच्या फेऱ्यांतच बाहेर पडला. कारण? स्पार्क प्लगजवळच्या रबरी इन्सुलेशनच्या नळीतला बिघाड. कितीही टेस्टिंग केलं तरी काहीतरी निसटतंच. फरक एवढाच की साडेतेराशे किलोमीटर धावलेल्या टीमकडे त्या दिवशी एकच कोडं उरलं होतं, आणि तिची दुसरी गाडी निको रोसबर्गने जिंकून आणली.

आता स्वतःला विचारा, माझ्याकडे 'पाच इंजिनं' म्हणजे काय आहे? किती महिन्यांचं भाडं बाजूला आहे? किती घाण्यांचा माल फुकट गेला तर सोसेल? हा आकडा कागदावर लिहा. तो जितका लहान, तितकी ट्रायल जास्त. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. ज्याच्याकडे भांडवल कमी, तोच घाईत ट्रायल सोडून देतो.

या आठवड्याचं काम

१. उद्घाटनाआधीचे निदान चार दिवस फक्त ट्रायलसाठी ठेवा. मुहूर्ताची तारीख त्यानंतरची धरा.

२. पहिल्या दिवशी छोटी ऑर्डर, शेवटच्या दिवशी पूर्ण ऑर्डर. ४० डब्यांचा धंदा असेल तर ४० डबेच भरा, पोचवा आणि पैसे घ्या.

३. रोज वहीत तीन गोष्टी लिहा: काय अडलं, कितीला अडलं, कशामुळे अडलं. डोक्यात ठेवू नका.

४. एका दिवशी एकच बदल करा.

५. ट्रायलमध्ये काहीच बिघडलं नाही तर खूश होऊ नका. वजन वाढवा. ऑर्डर दीडपट करा, एक माणूस कमी ठेवा, आणि कुठे ताण येतो ते बघा.

ट्रायलमध्ये बिघडलेल्या ४० डब्यांचा खर्च होतो साहित्याचा. सुरू झाल्यावर बिघडलेल्या ४० डब्यांबरोबर ४० गिऱ्हाइकं जातात, आणि ती परत आणायला वर्ष लागतं.

तुमच्या धंद्यात सगळं एकत्र चालवलं तर सगळ्यात आधी काय अडेल असं वाटतं? खाली कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या काही उत्तरांवर आपण बोलू. भेटूया!