गावच्या सुट्टीचा डिजिटल अल्बम

विक्रोळीच्या कन्नमवारनगरात कोकणातली बिऱ्हाडं पुष्कळ. मे महिना लागला की गावची वाट धरायची, हे तिथे वर्षानुवर्षं चालत आलंय. त्या सुट्ट्यांचे फोटो मात्र कपाटातल्या अल्बमांत, मामाच्या मोबाइलवर आणि कुणाच्या तरी बंद पडलेल्या लॅपटॉपवर अडकलेले असतात. ते एकत्र करून अल्बम मांडायचा तर सजावट सगळ्यात शेवटी येते.

आधी स्कॅनिंग. जुन्या चिकट पानांच्या अल्बमातला गोंद पिवळा पडून फोटोला धरून बसतो. ओढलात तर फोटोचा वरचा थर फाटेल. सहज सुटत नसेल तर अख्खं पान स्कॅनरवर पालथं घालावं. ४ × ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला की २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात. तो ३०० डीपीआयने ८ × १२ इंचांपर्यंत स्वच्छ छापता येतो. फोटोची पाठही स्कॅन करा, कारण तारीख किंवा स्टुडिओचा शिक्का तिथेच सापडतो. नातेवाइकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. एरवी फोटोचा आकार घटतो आणि तो केव्हा काढला ही नोंदही जाते.

वर्ष आठवत नसेल तर फोटोतच शोधावं. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली २६ जानेवारी १९९८ ला, त्याआधी ती टप्प्याटप्प्याने सुरू होत होती. मागे कणकवली स्टेशनची पाटी दिसत असेल तर तो फोटो ऐंशीच्या दशकातला असूच शकत नाही.

आता खरं काम. आजी-आजोबांसमोर फोटो ठेवायचे, मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि त्यांना बोलू द्यायचं. विक्रोळीतच, पिरोजशानगरात, २००६ पासून गोदरेज अर्काइव्ह्ज आहे. तिथे कागदपत्रं आणि फोटोंच्या जोडीला माणसांच्या तोंडच्या आठवणीही ध्वनिमुद्रित करून जपतात. घरातही तेच करावं. ‘आत्या, गाव’ एवढ्या ओळीतून नातवंडांना काय कळणार? ‘मधली आत्या पडवीत फणस फोडतेय, चीक चिकटू नये म्हणून हाताला खोबरेल चोपडलंय’ असं लिहिलं की तो फोटो बोलू लागतो. माझ्या मते फोटो थोडे कमी घ्यावेत, पण असा मजकूर गाळू नये.

मग पानं. कॅनव्हासारख्या अ‍ॅपमध्ये १० × १० इंचांचं पान घ्या. एका पानावर एकच प्रसंग, एक मोठा फोटो आणि फार तर तीन लहान. एसटीचं तिकीट किंवा आजोबांचं पत्र स्कॅन करून शेजारी ठेवलं तर ते कुठल्याही तयार स्टिकरपेक्षा शोभतं. मजकुराला ‘मुक्ता’सारखा युनिकोड फॉण्ट वापरा, जुन्या बिगर-युनिकोड फॉण्टमधली अक्षरं दुसऱ्या संगणकावर बिघडतात. लालसर पडलेल्या फोटोचा रंग जरूर सुधारा, पण मूळ स्कॅन वेगळा ठेवा.

छापायचं असेल तर कडेला ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे छापल्यावर कापली जाणारी जादा पट्टी, सोडा. बांधणीच्या बाजूला कुणाचा चेहरा येऊ देऊ नका, तो दुमडीत जातो. शेवटी पीडीएफ काढा. एक प्रत घरातल्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर आणि एक गावच्या घरी पेन ड्राइव्हवर राहू द्या. रेकॉर्डिंगही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.