पांढरकवड्याचं पाणी, गांधीनगरचं कपाट

पीएच.डी.चा प्रबंध म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते सोनेरी अक्षरांचं जाडजूड बाइंडिंग आणि ग्रंथालयातलं कुलूपबंद काचेचं कपाट. आता त्या कपाटाचं कुलूप निघालंय, पण कपाट आहे गांधीनगरला. यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातले पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. वाचायला पैसे नकोत, ओळखपत्र नको. गंमत म्हणजे, 1991 मध्ये इन्फ्लिबनेट सुरू झालं ते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा एक प्रकल्प म्हणून. खगोलशास्त्रज्ञांच्या छत्राखाली वाढलेलं हे बाळ 1996 मध्ये स्वतंत्र झालं.

प्राध्यापकांची हौस की सक्ती? खरं सांगायचं तर सक्ती. 2009 च्या नियमाने पीएच.डी. जाहीर झाल्यापासून 30 दिवसांत सॉफ्ट कॉपी यूजीसीकडे पाठवणं विद्यापीठांना बंधनकारक केलं. यवतमाळ जिल्ह्यातली पुसद, वणीची कॉलेजं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी जोडलेली, त्यामुळे ही सक्ती तिथल्या गाईडलाही चुकत नाही आणि विद्यार्थ्यालाही. शोधनिबंधांचं मात्र तसं नाही. तिथे नॅकचं मूल्यांकन होणार म्हटलं की मगच सगळ्यांना लिंका आठवतात!

सगळ्यात वाचनीय फाइल कोणती? शोधगंगेवर प्रबंध तुकड्यांत मिळतो. शीर्षक, प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, मग एकेक प्रकरण, प्रत्येकाची पीडीएफ वेगळी. माझं मत विचाराल तर आधी ऋणनिर्देश उघडावा. गाईडपासून टायपिंग करून देणाऱ्यापर्यंत आणि सासूबाईंपासून लेकरापर्यंत सगळे तिथे भेटतात. पुढच्या तीनशे पानांत इतका जिवंतपणा क्वचितच सापडतो.

पाण्याचा निबंध. याच जिल्ह्यातल्या पांढरकवडा परिसरातल्या भूजलात फ्लोराइड किती, यावर 2007 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये शोधनिबंध आला. 1932 पासून बंगळुरूहून निघणारं हे नियतकालिक कुणालाही फुकट वाचता येतं. ज्या गावाची विहीर तपासली, त्या गावातल्या मास्तरला मोबाइलवर निकाल पाहता येतो, ही मला या सगळ्या प्रकारातली सर्वात मोठी गोष्ट वाटते. असाच निबंध महागड्या परदेशी जर्नलात गेला असता, तर तोच वाचायला डॉलर मोजावे लागले असते.

कापसावरचं काही शोधायचं असेल तर पत्ता थोडा वेगळा. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’ या भांडारात बघावेत.

पुसदहून थेट जिनिव्हा. कॉलेजचं स्वतःचं भांडार नाही, ही सबब आता चालत नाही. स्वित्झर्लंडमधल्या सर्न प्रयोगशाळेने 2013 मध्ये ‘झेनोडो’ सुरू केलं. देवकणाचा शोध लावणारी हीच ती सर्न! तिथे कुणीही प्राध्यापक निबंध, सर्वेक्षणाचा डेटा, अगदी पॉवरपॉइंटसुद्धा मोफत टाकू शकतो आणि वर कायमचा डीओआय, म्हणजे डिजिटल ओळख क्रमांक मिळतो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सरांनाही आणि विभागप्रमुखांनाही, सारखाच. पण भांडारात टाकलं म्हणजे ते तज्ज्ञांनी तपासलं, असं समजू नये.

आणखी एक पथ्य. जर्नलने छापलेली सजलेली पीडीएफ जशीच्या तशी चढवायला बऱ्याचदा परवानगी नसते, पण स्वीकारली गेलेली आपली वर्डची प्रत पुष्कळदा चालते. कुठल्या जर्नलचा काय नियम, हे ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ (पूर्वीचं ‘शेर्पा रोमिओ’) या साइटवर फुकट कळतं.

नावावर जाऊ नका. अकॅडेमिया डॉट ईडीयू हे विद्यापीठ नव्हे, खासगी कंपनी आहे. ‘ईडीयू’वर निर्बंध येण्याआधी, 1999 मध्येच, ते नाव नोंदवलेलं होतं, म्हणून टिकलं. तिथे निबंध ठेवून ‘आपलं ओपन अ‍ॅक्सेस झालं’ म्हणणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावं.

चोरीचाही हिशेब. यूजीसीच्या 2018 च्या नियमानुसार 10 टक्क्यांपर्यंत साम्य माफ, 60 टक्क्यांपुढे गेलं तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द. प्रबंध उघड्यावर आल्यामुळे उचलेगिरी सोपी झाली, तशी पकडणंही. त्याच नियमांत प्रत्येक संस्थेने वेबसाइटवर स्वतःचं भांडार उभारावं, असंही म्हटलंय. हे कलम मात्र कुणी फारसं मोठ्याने वाचत नाही.

शोधताना अडलात तर... जुने मराठी प्रबंध श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. पडद्यावर छान मराठी दिसतं, पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की नुसती चिन्हांची खिचडी. साहजिकच आतला शब्द सर्चला सापडत नाही. तेव्हा शीर्षकावरून, नाहीतर गाईडच्या नावावरून शोधावं. आणि रोमन लिपीत यवतमाळ जिल्ह्याचं नाव टाकताना इंग्रजांच्या काळातलं ‘Yeotmal’ हे स्पेलिंगही एकदा टाकून पाहावं. जुने कागद त्याच नावाने हाती लागतात.