जुन्या मोटारीच्या मूळ स्टिरिओला उपग्रह रेडिओची जोडणी

जुन्या मोटारीच्या मूळ स्टिरिओला उपग्रह रेडिओची जोडणी म्हणजे, ज्या मोटारीत कारखान्यातून बसवून आलेल्या स्टिरिओमध्ये उपग्रह रेडिओची सोय नाही, तिच्यात स्वतंत्र रिसीव्हर लावून त्याचा आवाज त्याच स्टिरिओमार्फत मोटारीच्या स्पीकरमधून ऐकण्याची व्यवस्था होय. ही गरज प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या देशांत निर्माण झाली. मोटारीत ऐकण्याची उपग्रह रेडिओ सेवा अमेरिकेत २००१ पासून आणि कॅनडात २००५ च्या अखेरीपासून सुरू झाली; रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक मोटारी मात्र त्याआधी तयार झालेल्या होत्या.

या जोडणीतील मुख्य अडचण उपग्रहाकडून संकेत मिळवण्याची नसते. ते काम रिसीव्हर व त्याचा छोटा अँटेना बऱ्यापैकी चोख करतात. अडचण असते ती रिसीव्हरपासून स्टिरिओपर्यंतच्या हातभर अंतराची. जुन्या स्टिरिओत बाहेरचा आवाज आत घेण्यासाठी वेगळा मार्ग ठेवलेला नसतो, त्यामुळे एफ.एम. ट्यूनर, कॅसेट किंवा सीडी चेंजर यांसाठी असलेल्या मार्गांपैकी एखादा मार्ग वापरावा लागतो. कोणता मार्ग निवडला यावर आवाजाची प्रत ठरते, आणि एका पद्धतीत तर शेजारून जाणाऱ्या मोटारीतील श्रोत्याचा रेडिओही बिघडू शकतो.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९९७ मध्ये उपग्रह रेडिओसाठी दोन परवाने लिलावाने दिले. त्यांतून पुढे एक्सएम आणि सिरियस या दोन कंपन्या उभ्या राहिल्या. दोघींना २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील प्रत्येकी साडेबारा मेगाहर्ट्झचा भाग मिळाला. एक्सएमची सेवा सप्टेंबर २००१ मध्ये आणि सिरियसची फेब्रुवारी २००२ मध्ये सुरू झाली. एक्सएमचे 'रॉक' आणि 'रोल' हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या दृष्टीने एका जागी स्थिर होते. सिरियसने लंबवर्तुळाकार कलत्या कक्षेत फिरणारे तीन उपग्रह वापरले. उत्तर अमेरिकेवरून जाताना ते आकाशात उंचावर असत, त्यामुळे इमारती व झाडांचा अडथळा कमी होई. उंच इमारतींच्या शहरांत दोन्ही कंपन्यांनी जमिनीवरील पुनःक्षेपण केंद्रांची मदत घेतली. जुलै २००८ मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण होऊन सिरियस एक्सएम अस्तित्वात आली, तरी दोन्हींचे जुने रिसीव्हर एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

कारखान्यातूनच एक्सएम रिसीव्हर बसवून मिळण्याची सोय प्रथम जनरल मोटर्सने २००२ च्या कॅडिलॅक डेव्हिल व सेव्हिल या मोटारींत दिली. इतरांना सुटे रिसीव्हर घ्यावे लागले. मूळ स्टिरिओ काढून नवा लावणे हा सरळ उपाय वाटतो, परंतु तो प्रत्येक मोटारीत शक्य नसतो. १९९६ च्या फोर्ड टॉरसमध्ये स्टिरिओ आणि वातानुकूलन यांची बटणे एकाच लंबगोल फलकात होती. तेथे प्रमाणित आकाराचा स्टिरिओ बसवायला चौकटच नव्हती. १९८३ पासून जनरल मोटर्सच्या काही मोटारींत आलेल्या बोस ध्वनिव्यवस्थेत प्रत्येक स्पीकरला स्वतःचा ॲम्प्लिफायर असे. नेहमीच्या बाजारी स्टिरिओच्या तारा त्याला थेट जोडता येत नाहीत. शिवाय जुन्या मोटारी जपणाऱ्या अनेकांना डॅशबोर्डचे मूळ रूप बदलायचे नसते.

बिनतारी एफ.एम. ट्रान्समीटर

ही सर्वांत सोपी आणि सर्वाधिक वापरली गेलेली पद्धत आहे. रिसीव्हरमधला लहानसा ट्रान्समीटर एखाद्या मोकळ्या एफ.एम. वारंवारतेवर, उदाहरणार्थ ८८.१ मेगाहर्ट्झवर, आवाज प्रक्षेपित करतो आणि मोटारीचा रेडिओ त्याच वारंवारतेवर लावला की तो ऐकू येतो. एकही तार स्टिरिओला जोडावी लागत नाही. दुसऱ्या शब्दांत, अवकाशातून अंकीय रूपात आलेला कार्यक्रम पुन्हा एकदा साध्या एफ.एम. केंद्रात बदलला जातो आणि एफ.एम.च्या सर्व मर्यादा त्याला चिकटतात: सुमारे १५ किलोहर्ट्झच्या वरचे ध्वनी गळतात आणि संकेत क्षीण असेल तर खरखर येते.

संकेत बहुधा क्षीणच असतो. विनापरवाना एफ.एम. ट्रान्समीटरसाठी अमेरिकी नियमांनुसार ३ मीटर अंतरावर क्षेत्रतीव्रता प्रति मीटर २५० मायक्रोव्होल्टपेक्षा अधिक असता कामा नये. ट्रान्समीटर डॅशबोर्डवर आणि मोटारीचा अँटेना मागच्या मडगार्डवर असेल, तर मधल्या पत्र्यामुळे एवढासा संकेतही पुरेसा पोहोचत नाही. त्यात एफ.एम. रेडिओचा एक गुणधर्म आड येतो. एकाच वारंवारतेवर दोन संकेत आले तर रेडिओ त्यांचे मिश्रण ऐकवत नाही. जो अधिक सबळ असेल तोच धरतो आणि दुसऱ्याला दाबून टाकतो. म्हणून लांबच्या प्रवासात एका शहरात मोकळी असलेली वारंवारता पुढच्या शहराजवळ एखाद्या केंद्राने व्यापलेली निघते आणि गाण्याच्या मध्येच अनोळखी निवेदक बोलू लागतो. श्रोत्याला मग नवी मोकळी जागा शोधून रिसीव्हर व स्टिरिओ दोन्ही बदलावे लागतात, आणि वाहन चालवताना हे करणे धोक्याचे आहे.

हाच गुणधर्म उलट दिशेनेही काम करतो. अमेरिकेत ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग अव्यावसायिक व शैक्षणिक केंद्रांसाठी राखीव आहे, आणि उपग्रह रिसीव्हरांचे ट्रान्समीटर बरेचदा याच भागात लावले जात. जानेवारी २००६ मध्ये हॉवर्ड स्टर्न यांचा बिनधास्त भाषेसाठी गाजलेला कार्यक्रम सिरियसवर सुरू झाला. त्यानंतर सार्वजनिक रेडिओ ऐकणाऱ्यांकडून तक्रारी येऊ लागल्या, की सिग्नलवर थांबले असता आपल्या केंद्राच्या बातम्यांऐवजी मध्येच स्टर्न यांचा आवाज येतो. तो शेजारच्या मोटारीतून येत असे. त्याच वर्षी काही रिसीव्हरांचे ट्रान्समीटर ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक शक्तीचे असल्याचे आढळले आणि दोन्ही कंपन्यांना संबंधित नमुन्यांबाबत दुरुस्तीची पावले उचलावी लागली. ग्राहकाला स्पष्ट आवाज हवा तर शक्ती वाढवावी लागते, आणि शक्ती वाढवली की शेजाऱ्याच्या हक्काच्या केंद्रावर अतिक्रमण होते. बिनतारी पद्धतीतील हा पेच तांत्रिक कौशल्याने पूर्ण सुटणारा नाही.

तारेने जोडलेला एफ.एम. मॉड्युलेटर

या पद्धतीतही एफ.एम. वारंवारताच वापरली जाते, परंतु हवेतून नव्हे. स्टिरिओ बाहेर ओढून त्याच्या मागची अँटेनाची तार काढतात आणि मधे मॉड्युलेटरची डबी बसवतात. उपग्रह रेडिओ चालू असताना डबीतील स्विच बाहेरचा अँटेना तोडतो, त्यामुळे बाहेरच्या केंद्राशी स्पर्धा उरत नाही. बंद केल्यावर अँटेना पुन्हा जोडला जाऊन नेहमीचे एफ.एम. ऐकता येते. आवाजाची प्रत एफ.एम. इतकीच राहते, मात्र ती स्थिर राहते आणि शेजाऱ्याला त्रास होत नाही. ज्या स्टिरिओला रेडिओखेरीज दुसरा कोणताच मार्ग नाही, त्याच्यासाठी ही पद्धत बिनतारी ट्रान्समीटरपेक्षा निःसंशय श्रेयस्कर आहे. अँटेनाच्या तारेचे टोक सर्व मोटारींत सारखे नसते. जनरल मोटर्सच्या अनेक मोटारींत ते लहान असते आणि त्यासाठी वेगळा जोड घ्यावा लागतो.

कॅसेट ॲडाप्टर

स्टिरिओत कॅसेट प्लेअर असेल तर कॅसेटच्या आकाराचा ॲडाप्टर आत सरकवतात. त्यात फीत नसते. फितीच्या जागी एक छोटे चुंबकीय हेड असते. तारेतून आलेल्या विद्युत् संकेतानुसार त्याचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि समोर टेकलेले प्लेअरचे हेड ते फितीवरील ध्वनिमुद्रण समजून वाचते. आतली दातेरी चाके केवळ प्लेअरची समजूत घालण्यासाठी फिरतात, कारण चाके थांबली की फीत संपली असे मानून प्लेअर बंद होतो किंवा बाजू उलटतो. आपोआप बाजू बदलणाऱ्या प्लेअरमध्ये हा दोष वारंवार दिसतो. ॲडाप्टर वापरताना डॉल्बी बंद ठेवावे लागते. येणारा आवाज डॉल्बी पद्धतीने मुद्रित नसल्याने ते चालू राहिल्यास वरच्या पट्टीचे स्वर दबतात. हेड स्वच्छ असेल तर आवाज बिनतारी एफ.एम.पेक्षा बहुधा चांगला येतो आणि प्रवासात वारंवारता बदलण्याची कटकट नसते. चाकांची बारीक घरघर मात्र शांत कार्यक्रमात ऐकू येते.

सीडी चेंजरचा मार्ग

१९९० च्या दशकातील आणि त्यापुढील अनेक मोटारींच्या स्टिरिओमागे डिक्कीतील सीडी चेंजरसाठी एक जोड असतो. प्रत्यक्ष चेंजर घेतलेला नसला तरी जोड असू शकतो. तेथून आलेला आवाज थेट ॲम्प्लिफायरकडे जात असल्याने या मार्गाची प्रत सर्वांत चांगली असते. मात्र नुसत्या ध्वनीच्या तारा जोडून भागत नाही. स्टिरिओ चेंजरशी अंकीय संदेशांची देवाणघेवाण करतो आणि 'चेंजर हजर आहे' असे उत्तर मिळाल्याशिवाय तो मार्ग उघडतच नाही. म्हणून मधला ॲडाप्टर चेंजर असल्याची बतावणी करतो. ही संदेशपद्धती प्रत्येक उत्पादकाची निराळी असते: बीएमडब्ल्यूची आय-बस, टोयोटाची एव्हीसी-लॅन, फोर्डची एसीपी. परिणामी ॲडाप्टर मोटारीचा नमुना व वर्ष पाहूनच घ्यावा लागतो, आणि मोटारीत खरा चेंजर असेल तर बरेचदा तो काढावा लागतो. काही ॲडाप्टर स्टिरिओच्या बटणांनी वाहिन्या बदलू देतात. जुन्या पडद्यावर मात्र गाण्याच्या नावाऐवजी सीडी व ट्रॅकचे क्रमांकच उमटतात.

स्टिरिओवर ३.५ मिलिमीटरचा ऑक्झिलरी जॅक असेल तर एक साधी तार पुरते. पण असे जॅक २००० च्या दशकाच्या मध्यानंतरच सर्वसाधारण मोटारींत रुळले.

अँटेना, वीज आणि गुणगुण

उपग्रहाचा अँटेना चपट्या डबीसारखा असून चुंबकाने टपावर चिकटतो. टपाचा पोलादी पत्रा त्याच्या खाली परावर्तकाचे काम करतो, म्हणून तो कडेला किंवा डॅशबोर्डवर ठेवण्यापेक्षा टपाच्या मध्याजवळ ठेवणे योग्य. शेव्हरोले कॉर्व्हेटसारख्या फायबरग्लास सांग्याच्या मोटारीवर चुंबक धरत नाही. तेथे खाली पत्र्याचा तुकडा द्यावा लागतो. तार डिक्कीच्या किंवा मागच्या काचेच्या रबरी पट्टीखालून आत घेतात. ती जास्त झाली तरी कापू नये, मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून ठेवावी.

वीज लायटर सॉकेटमधून किंवा फ्यूजच्या पेटीतून घेतात. फ्यूजपेटीतील जागा किल्ली फिरवल्यावरच चालू होणारी असावी; सतत चालू असलेल्या जागी जोडल्यास उभ्या मोटारीची बॅटरी उतरते. काही रिसीव्हरांच्या डॉकला ५ व्होल्ट लागतात, काही जुन्यांना १२. एकाचा ॲडाप्टर दुसऱ्याला लावल्यास रिसीव्हर कायमचा निकामी होऊ शकतो.

जोडणीनंतर इंजिनच्या वेगाबरोबर चढ-उतार होणारी गुणगुण ऐकू आली, तर ती बहुधा अल्टरनेटरची असते. रिसीव्हर एका जागी आणि स्टिरिओ दुसऱ्या जागी अर्थ केलेला असला की दोन्हींमध्ये व्होल्टेजचा सूक्ष्म फरक राहतो आणि तो ध्वनीच्या तारेत शिरतो. दोन्हींचे अर्थिंग एकाच बिंदूवर घेणे हा मूळ उपाय. ते जमत नसेल तर ध्वनीच्या तारेत लहान ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर बसवतात.

स्टिरिओ बाहेर काढण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवण्याची पद्धत आहे. त्याआधी स्टिरिओचा चोरीविरोधी सांकेतिक क्रमांक हाताशी असावा. होंडासह अनेक मोटारींत वीज तुटल्यावर तो दिल्याशिवाय स्टिरिओ सुरू होत नाही. डॅशबोर्डमागे पिवळ्या वेष्टनातील तारा आढळल्यास त्या सहसा एअरबॅगच्या असतात व त्यांना हात लावू नये.

भारतातील स्थिती

भारतात उपग्रह रेडिओची सेवा वर्ल्डस्पेस या कंपनीने दिली. तिचा एशियास्टार उपग्रह २१ मार्च २००० रोजी सोडण्यात आला. तो १०५ अंश पूर्व रेखांशावर होता आणि त्याचे प्रक्षेपण १४६७ ते १४९२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात होई. येथील रिसीव्हर मुख्यतः घरगुती होते व त्यांचा अँटेना खिडकीत किंवा गच्चीवर उपग्रहाच्या दिशेने रोखून ठेवावा लागे, त्यामुळे वळणे घेत धावणाऱ्या मोटारीत त्यांचा उपयोग नव्हता. ही सेवा ३१ डिसेंबर २००९ रोजी बंद झाली. जुन्या मोटारींत कॅसेट ॲडाप्टर आणि एफ.एम. ट्रान्समीटर भारतातही वापरले गेले, ते एमपी३ प्लेअर, पेन ड्राइव्ह आणि मोबाइल यांच्यासाठी.