भयानक रस आणि बंदुकीचे खेळ

चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरून देवगिरीचा किल्ला पाहण्यास निघालेला प्रवासी शहर ओलांडून वायव्येस जातो, एकामागून एक तट व नंतर खंदक मागे टाकतो, आणि ‘अंधारी’ नावाच्या भुयारी मार्गापाशी येऊन थबकतो. खडकात कोरलेला हा मार्ग वळणावळणाचा असून त्याच्या पायऱ्या कमीअधिक उंचीच्या आहेत. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण टाकून व विस्तव पेटवून आत धूर कोंडण्याची योजनाही येथे होती. चढाई करणारा शत्रू निःशस्त्र नसे. परंतु पुढचे पाऊल कोठे पडेल हेच कळेनासे झाल्यावर हातातील तलवारीचा उपयोग काय? शस्त्र असूनही मनुष्य असहाय कसा होतो, हे आपल्या दुर्गकारांनी शतकांपूर्वी पुरते ओळखले होते.

आज घरोघरची तरुण मंडळी रात्री कानांस हेडफोन लावून जे भयप्रद बंदुकीचे व्हिडिओ गेम खेळतात, त्यांतील उत्तम खेळ नेमके ह्याच तत्त्वावर उभे आहेत. वडीलधाऱ्यांस त्यांत गोळीबार व रक्तपात एवढेच दिसते. त्यांची चिंता अनाठायी नाही. तथापि बरे-वाईट ठरविण्यापूर्वी त्या खेळांचे मर्म काय, हे समजून घेणे इष्ट होय.

सन १९९३ मध्ये अमेरिकेत ‘डूम’ नावाचा खेळ निघाला. राक्षस अगणित, पण नायकही तितकाच बलाढ्य. त्यात भयापेक्षा आवेश अधिक. पुढे २००४ साली त्याच मालिकेतील ‘डूम ३’ आला, तेव्हा कर्त्यांनी एक विलक्षण अट घातली: खेळणाऱ्याने हाती एक तर विजेरी धरावी, नाही तर बंदूक! उजेड पाडावा तर संरक्षण नाही. बंदूक उचलावी तर समोर काळोख. पुष्कळांनी कुरकुर केली, आणि २०१२ च्या आवृत्तीत दोहोंचा एकदम उपयोग करण्याची मुभा मिळाली. सोय झाली खरी. परंतु काळोखात निवड करण्याचा जो प्रसंग पदोपदी येई, तोच नाहीसा झाला. भय राक्षसात नव्हते. त्या निवडीत होते.

२००८ सालचा ‘डेड स्पेस’ ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्याचा नायक सैनिक नसून यंत्रे दुरुस्त करणारा एक अभियंता आहे. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत असे कितीतरी भेटतील. इतर खेळांत उरलेले प्राणबल व गोळ्या ह्यांचे आकडे पडद्याच्या कोपऱ्यात मांडलेले असतात. येथे प्राणबल नायकाच्या पाठीवरील प्रकाशरेषेत दिसते, आणि गोळ्यांची संख्या हत्यारापाशीच उमटते. त्यामुळे ‘हा खेळ आहे’ ही आठवण करून देणारे काही मध्ये येत नाही. शिवाय येथील पिशाच्चे मस्तकावर गोळी घालून आवरत नाहीत. त्यांचे हातपाय नेमके छाटावे लागतात. म्हणजे ज्या क्षणी हात थरथरतो, त्याच क्षणी नेम अचूक हवा!

आवाजाचे सामर्थ्य तर चित्राहून मोठे. ‘सायलेंट हिल’ (१९९९) हा जपानी खेळ सर्वस्वी बंदुकीचा नव्हे. पण त्यातील नायकाचा लहानसा रेडिओ, राक्षस जवळ येताच खरखरू लागतो. धुक्यात दिसत काहीच नाही. कानांस मात्र कळते की कोणी तरी आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक रसाची कारणे सांगताना विकृत ध्वनी, घुबडे-कोल्ही, ओसाड घरे व अरण्ये ह्यांचा निर्देश केला आहे, तो उगाच नव्हे.

भयास विसावाही लागतो. ‘लेफ्ट फोर डेड’ (२००८) ह्या खेळात खेळणाऱ्यांवर किती ताण आला आहे ह्याचा अदमास यंत्रच घेते, आणि तो शिगेस पोहोचला की काही काळ शत्रू पाठविणे थांबवते. आपले कीर्तनकार पूर्वरंग व आख्यान ह्यांत श्रोत्यांस चढवितात व उतरवितात, त्याच जातीचे हे भान होय.

आता प्रश्न असा की, भय सुखद कसे? अभिनवगुप्ताचे उत्तर प्रसिद्ध आहे. शाकुंतलातील दुष्यंताच्या बाणापुढे पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेऊन तो म्हणतो की, रसिकास जाणवणारे भय ‘माझे’ही नसते आणि ‘त्याचे’ही नसते; ते व्यक्तीपासून सुटलेले असते, म्हणूनच आस्वाद्य. ह्या खेळांत मात्र दार आपल्याच बोटांनी उघडावे लागते. भय ‘माझे’ होण्याच्या सीमेवर येऊन उभे राहते. त्यांची मोहिनी तेथेच आहे आणि धोकाही तेथेच.

म्हणून कुटुंबातील जाणत्यांनी एक विवेक बाळगावा. केवळ आतडी आणि रक्त दाखविणारा खेळ बीभत्साचा होय. एकाएकी किंचाळून दचकविणारा खेळ तर रसाचाच नव्हे. जो थोडे दाखवून पुष्कळ सुचवितो, तोच खरा भयानक रसाचा. ‘डूम ३’ व ‘डेड स्पेस’ ह्यांस अमेरिकेत सतरा वर्षांखालील मुलांसाठी अयोग्य ठरविले आहे. बालकांस त्यांपासून दूरच ठेवावे. परंतु घरातील सज्ञान तरुण असा खेळ खेळत असेल, तर दारातून रागे भरण्याऐवजी घटकाभर त्याच्या शेजारी बसावे आणि विचारावे, “अरे, तुला भीती नेमकी कशाची वाटली?” ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना तो रसविचार शिकेल, आणि आपणांस आपला मुलगा थोडा अधिक कळेल.