गाडी तापली? झाकणाला हात लावू नका

घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेषेकडे गेला, की अनेक जण बॉनेट उघडून थेट रेडिएटरचं झाकण फिरवतात. हे कधीही करू नका. आत दाब असतो, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही पाणी उकळत नाही. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि उकळता फवारा तोंडावर येतो. कूलंटच्या टाकीचंही तसंच.

मग करायचं काय? एसी बंद, हीटर फुल. तो इंजिनाचीच उष्णता बाहेर काढतो. सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. पंख्यापासून हात दूर ठेवा, इंजिन बंद असतानाही तो फिरू शकतो. किमान पाऊण तास जाऊ द्या.

गाडी गार झाल्यावर टाकीतली पातळी बघा. खालच्या रेषेच्या खाली असेल, तर कूलंट भरा. नसेल तर तात्पुरतं स्वच्छ पाणी चालेल. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं, तर हेडला तडा जाऊ शकतो. पातळी ठीक, पण गाडी तापूनही पंखा फिरला नव्हता? फ्यूज तपासा. गळती दिसली किंवा काटा पुन्हा चढला, तर गाडी टो करूनच न्या. हेड गॅस्केटच्या कामापेक्षा ते स्वस्त पडतं.