बारी घाटात, निकाल दिल्लीत

बैलगाड्याची एक बारी घाटात, म्हणजे शर्यतीच्या मार्गावर, काही सेकंदांत आटोपते. खेड, आंबेगाव, जुन्नरच्या यात्रांत निशाण पडले की गाडामालकाच्या वर्षभराच्या खुराकाचा आणि मेहनतीचा हिशेब तिथल्या तिथे लागतो. हीच शर्यत कायद्याच्या घाटाला लागली, तेव्हा मात्र बारी २०११ ते २०२३ अशी बारा वर्षे चालली. पश्चिम महाराष्ट्रातले छकडे आणि विदर्भातला शंकरपटही त्याच दाव्याला बांधले गेले. निकाल आवडो वा न आवडो, आपल्याकडे कायदा कसा घडतो, अडतो आणि पुन्हा वाट काढतो, हे या प्रकरणात जितके स्पष्ट दिसते तितके नागरिकशास्त्राच्या पुस्तकात दिसत नाही.

मूळ कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्यामागची चिकाटी नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची. राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य असताना त्यांनी या विषयावर खासगी विधेयक मांडले. सरकार स्वतः कायदा करील, असे आश्वासन पंतप्रधान नेहरूंनी दिले आणि रुक्मिणीदेवींनी विधेयक मागे घेतले. खासगी विधेयके बहुतेक वेळा कागदावरच राहतात. या विषयावर मात्र सरकारने खरोखर कायदा केला.

या कायद्याच्या कलम २२ मध्ये सरकारच्या हाती एक यादी आहे. यादीतल्या प्राण्यांना खेळ करायला शिकवता येत नाही, लोकांपुढे त्यांचे खेळही करता येत नाहीत. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह त्यात होतेच. ११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण खात्याने अधिसूचना काढून त्यात बैल घातला. त्यासाठी संसदेत चर्चा झाली नाही, मतदानही झाले नाही. कायद्याने दिलेल्या अधिकारात खाते असे करू शकते, आणि सामान्य माणसाच्या आयुष्याला भिडणारे पुष्कळसे नियम याच वाटेने येतात.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांनी तामिळनाडूतला बैलाला पकडण्याचा खेळ जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या शर्यती दोन्ही बेकायदा ठरवल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, भीती आणि वेदना दिल्याशिवाय तो शर्यतीत पळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शिवाय जल्लीकट्टूला नियमांत बसवणारा तामिळनाडूचा २००९ चा कायदाही रद्द केला. तो केंद्राच्या कायद्याशी विसंगत होता आणि त्याला राष्ट्रपतींची संमती नव्हती.

पुढच्या सगळ्या लढाईची किल्ली याच मुद्द्यात होती. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे संसद आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. दोघांचे जमले नाही तर केंद्राचा कायदा वरचढ. पण अनुच्छेद २५४(२) अपवाद देतो: राज्याचे विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवले आणि त्यांनी संमती दिली, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो.

ही वाट लगेच कुणी धरली नाही. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने नवी अधिसूचना काढून शर्यतींना सूट दिली. न्यायालयाने काही दिवसांतच तिला स्थगिती दिली. न्यायालयाने कायद्याचा जो अर्थ लावला, तो साध्या अधिसूचनेने पुसता येत नाही. निकाल चुकीचा होता, असे जाहीर करण्याचा अधिकार विधिमंडळालाही नाही. ज्या तरतुदींवर निकाल उभा होता त्या तरतुदी बदलणे, एवढेच त्याच्या हाती असते.

जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी लोक उतरले आणि तामिळनाडूने नेमके तेच केले. एप्रिलमध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने दुरुस्ती विधेयक मंजूर केले आणि राष्ट्रपतींची संमतीही आली. गुलाल उधळण्याआधीच मुंबई उच्च न्यायालयाने ब्रेक लावला. नियम झाल्याशिवाय परवानगी देऊ नका, असे ऑगस्टमध्ये बजावले. नियम झाल्यावरही शर्यती रोखलेल्याच राहिल्या. राज्य दिल्लीला गेले. २०१८ मध्ये प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवले गेले. तामिळनाडू आणि कर्नाटकात खेळ चालू, महाराष्ट्रात बंद, असे अवघडलेले चित्र होते. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने महाराष्ट्रालाही मोकळीक दिली.

१८ मे २०२३ चा निकाल न्या. अनिरुद्ध बोस यांनी लिहिला. तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरल्या. खेळाचे स्वरूपच नव्या कायद्याने आणि नियमांनी बदलले आहे, त्यामुळे २०१४ चे आक्षेप उरत नाहीत, असे पीठाने म्हटले. ही प्रथा सांस्कृतिक वारसा आहे की नाही, हे ठरवण्याचे काम न्यायालयाने विधिमंडळाकडे सोडले. प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत, हेही पीठाने मानले नाही. नियम काटेकोर पाळले जातात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र जिल्हा प्रशासनावर टाकली.

म्हणजे एवढ्या घटनात्मक खलानंतर कायदा येऊन पोचतो तो जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीपत्रावर, पशुवैद्यकाच्या तपासणीवर आणि घाटात उभ्या असलेल्या हवालदारावर. कागदावर राज्याचा कायदा कडक आहे. अटी मोडून बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. १९६० च्या मूळ कायद्यात मात्र क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. परवानगी देणारा कायदा मनाई करणाऱ्या कायद्यापेक्षा जबर शिक्षा सांगतो, असा हा उलटा न्याय.

२०१४ च्या निकालात न्यायालयाने संसदेला शिक्षा वाढवायला सुचवले होते. नऊ वर्षांनी घटनापीठाचा निकाल लागला, तेव्हाही पन्नास रुपये पन्नासच होते. शर्यतीमागे गावे होती, गाडामालक होते, निवडणुका होत्या. म्हणून २०१७ मध्ये विधिमंडळे काही महिन्यांत हलली. मारझोड सोसणाऱ्या जनावराच्या बाजूने तेवढे दडपण कुणी आणले नाही. न्यायालय एखादी तरतूद रद्द करू शकते, तिचा अर्थ लावू शकते, संसदेला सुचवू शकते. नवी शिक्षा लिहून देऊ शकत नाही. ती लिहिणाऱ्यांना आपणच निवडून देतो, आणि ते आपण मागितलेलेच लिहितात.