वीस मीटरवरची पाटी

विलायतेत उन्हाळा लागला की सामान्य माणूस बागेत खुर्ची टाकून बसतो. आमचा दादा पेन्सिल घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहतो. मे ते सप्टेंबरच्या रविवारांभोवती गोल पडतात. कुठे जुन्या मोटारींचं प्रदर्शन, कुठे शर्यत, कुठे नुसताच भंगार सुट्या भागांचा बाजार. वहिनींनी या गोलांशी कधीच जमवून घेतलं आहे. "माझी सवत पेट्रोल पिते," एवढंच त्या म्हणतात आणि डबा भरून देतात.

दादा १९७५ साली कॉव्हेंट्रीला गेला आणि एका कारखान्यात नोकरी करून तिथेच निवृत्त झाला. पण वेड तिथलं नाही, कोल्हापूरचं. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा गावातली पोरं सोनं लुटायला जमायची आणि दादा गाडीच्या बॉनेटकडे बघत उभा राहायचा. मी बँकेतला माणूस. मोटारीशी माझा संबंध वाहनकर्जापुरता. गाडी म्हणजे तारण, आणि तारण दरवर्षी किमतीने उतरतं, इतकंच मला ठाऊक. तरीही २०२२ आणि २०२३ असे दोन उन्हाळे मी त्याच्याबरोबर भटकलो.

सुरुवात ब्यूलीला झाली. लॉर्ड माँटेग्यूंनी १९५२ साली वडिलांच्या आठवणीसाठी घराच्या दिवाणखान्यात पाच मोटारी मांडल्या, त्याचं पुढे राष्ट्रीय मोटार संग्रहालय झालं. तिथे दादाने मला रोल्स रॉइसच्या नाकावरची ती पंख पसरलेली बाई दाखवली. ती एलिनॉर थॉर्नटनवरून घडवली असं सांगतात. ही थोरल्या माँटेग्यूंची सेक्रेटरी. १९१५ च्या डिसेंबरात दोघं 'पर्शिया' बोटीने मुंबईला निघाले होते. क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने बोट बुडवली. माँटेग्यू वाचले, एलिनॉर गेली. मुंबईतल्या लग्नांच्या वरातीत ती बाई मी कितीदा पाहिली असेल! ती आपल्याकडेच यायला निघाली होती, हे तिथे कळलं.

ब्रुकलँड्सला मात्र मी रमलो. कारण तिथे पैशाची गोष्ट आहे. १९०३ च्या कायद्याने इंग्लंडच्या रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा होती. गाड्या जोरात पळवून पाहायच्या कुठे? ह्यू लॉक किंग या जमीनदाराने वेब्रिजजवळच्या स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या खर्चाने पावणेतीन मैलांचा सिमेंटचा वर्तुळाकार रस्ता बांधला. शंभर फूट रुंद, आणि वळणांवर वाटीच्या कडेसारखा उचललेला. सर्वांत उंच जागी जवळजवळ २९ फूट. जत्रेतला 'मौत का कुआँ' आठवा आणि तो मैलांनी मोजा. १९०७ च्या जूनमध्ये उद्घाटन झालं. केवळ मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेला जगातला हा पहिला मार्ग. खर्च सुमारे दीड लाख पौंड, आणि त्या काळी! मी त्या काँक्रीटवर उभा राहून म्हटलं, "दादा, हे प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर मी कर्ज नामंजूर केलं असतं." तो म्हणाला, "म्हणूनच बँकवाल्यांचे पुतळे नसतात."

दुसऱ्या महायुद्धात शर्यती थांबल्या त्या कायमच्या. जागा विमानांच्या कारखान्याकडे गेली. आता त्या उचललेल्या वळणाचे तुकडे उरले आहेत, सांध्यांत शेवाळ. पण शेजारच्या संग्रहालयात नेपियर-रेल्टन आहे. २४ लिटरचं, बारा सिलिंडरचं विमानाचं इंजिन चार चाकांवर ठेवलं आहे म्हणा ना. ब्रेक फक्त मागच्या चाकांना. १९३५ साली जॉन कॉबने ही गाडी इथे ताशी १४३.४४ मैलांच्या सरासरीने एक फेरी पळवली. शर्यती संपल्यावर तिला विमानांचे ब्रेक-पॅराशूट तपासण्याच्या कामाला जुंपलं होतं. दादाला त्याचं वाईट वाटत नाही. "कामात होती ना," तो म्हणतो. काचेआड पुसून ठेवलेल्या गाड्यांपुढून तो भराभरा निघून जातो. जिच्याखाली तेलाचा डाग, तिच्यापाशी थांबतो.

२०२२ च्या जूनमध्ये आम्ही गुडवूडला गेलो. १९९३ पासून हा वेगाचा उत्सव तिथल्या सरदारांच्या वाड्याच्या आवारात भरतो. वाड्यासमोरून जाणारी सव्वा मैलाहून थोडी कमी वाट, दोन्हीकडे पेंढ्याचे भारे, आणि एकेक गाडी चढावर सुटते. त्या रविवारी मॅक्स चिल्टनने मॅकमर्ट्रीची एकाच माणसाची विजेची गाडी ३९.०८ सेकंदांत वर नेली. १९९९ साली निक हाइडफेल्डला फॉर्म्युला वनच्या गाडीने ४१.६ लागले होते. विजेची म्हणजे मुकी असेल असं मला वाटलं होतं. पण तिच्या पोटात पंखे आहेत, ते गाडीला जमिनीशी चिकटवून धरतात, आणि आवाज असा की दादा म्हणाला, "वहिनीचा मिक्सर, चटणी वाटताना." मग म्हणाला, "नंबर काय रे तिचा?" पाटी समोर होती. मी सांगितला. तेव्हा वाटलं, चष्मा काढायचा आळस.

परतताना त्याने जवळच्याच गुडवूड सर्किटची गोष्ट सांगितली. २३ एप्रिल १९६२ ला स्टर्लिंग मॉसला तिथे भीषण अपघात झाला. महिनाभर शुद्ध नव्हती. पुढच्या वर्षी तो त्याच सर्किटवर एकटा गाडी घेऊन उतरला. वेग बरा होता. पण पूर्वी हात आपोआप करायचे ते आता विचार करून करावं लागतंय, हे त्याचं त्याला कळलं, आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. वय तेहतीस. बऱ्याच वर्षांनी हौशीच्या शर्यतींत तो पुन्हा उतरला, आणि २०११ साली, एक्याऐंशीव्या वर्षी ल मान्सला सरावात स्वतःचीच भीती वाटली म्हणून तेही सोडलं. "याला म्हणतात ड्रायव्हर," दादा म्हणाला.

त्याच साली दादाला त्र्याहत्तर झाली. तिकडे सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी लायसन नवं करावं लागतं. परीक्षा नाही, फॉर्म भरायचा. नियम इतकाच की वीस मीटरवरून गाडीची पाटी वाचता आली पाहिजे, आणि येते असं आपणच लिहून द्यायचं. स्वतःच्या सहीने दिलेली निवेदनं मी नोकरीभर पाहिली आहेत. त्यांतली निम्मी खरी असतात.

२०२३ च्या उन्हाळ्यात शेल्सली वॉल्शला निघालो. वूस्टरशरमधली ही टेकडी, १९०५ पासून शर्यत चालू. मार्ग हजार यार्डांचा, चढ सुमारे शंभर मीटर. पहिल्या वर्षी सर्वांत जलद गाडीला ७७.६ सेकंद लागले होते, आता तेवीसच्या आत जातात. आजूबाजूला शेतं, जुनं चर्च, पाणचक्की. गाड्यांच्या तळावर कुणीही हिंडावं, मालकाशी बोलावं. ज्योतिबाच्या यात्रेत बैलाच्या पाठीवर हात फिरवतात तसं तिथे बॉनेटवर.

पण जाताना एके ठिकाणी घोड्याची गाडी ओढणारी जीप पुढे थांबली होती, आणि दादाने ब्रेक उशिरा मारला. माझा पाय रिकाम्या जागी दाबला गेला. दोघंही काही बोललो नाही.

डबा खाऊन झाल्यावर मी पार्किंगच्या गवतात पावलं मोजली आणि म्हटलं, "दादा, त्या हिरव्या गाडीची पाटी वाच."

तो लगेच समजला. चष्मा पुसला. वर टेकडीवर एक गाडी सुटली, तिचा आवाज झाडीत जाईपर्यंत तो थांबला. मग त्याने अक्षरं सांगितली. दोन बरोबर होती. तो एक पाऊल पुढे आला, मग स्वतःच मागे गेला.

"फॉर्मवर सही करताना वाचली होती का?"

"उजेड चांगला होता त्या दिवशी," तो म्हणाला. मग बराच वेळ खाली बघत राहिला. "नाही रे. तेव्हाही नव्हती."

किल्ली त्याने माझ्या हातात दिली नाही. गाडीच्या टपावर ठेवली. मी म्हटलं, माझा विमा नाही. तो म्हणाला, "आहे. मे महिन्यात तुझ्या वहिनीने तुझं नाव घालून घेतलंय. दुकानातून दूध आणता यावं म्हणून म्हणे." वहिनी गाडी चालवत नाहीत, आणि दुधाचं दुकान घरापासून दोनशे पावलांवर आहे. आपलं लायसन पाहुण्याला तिथे वर्षभर चालतं, आणि वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. माझ्याकडे एकही सबब उरली नाही.

शेवटच्या फेऱ्या होईपर्यंत आम्ही कुंपणाशी उभे राहिलो. तो गाड्या बघत होता की ऐकत होता, मी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर पहिल्या गोल चौकात मी इतका वेळ थांबलो की मागचा हॉर्न वाजवायला लागला, आणि तिकडे हॉर्न म्हणजे शिवी. दादा समोर न बघता म्हणाला, "दुसऱ्यात आहेस अजून. रडतंय ते. तिसरा टाक." पुढच्या चौकात पुन्हा तेच. कॉव्हेंट्रीपर्यंत त्याने मला एकदाही चुकीचा गिअर सांगितला नाही.

वहिनी दारात होत्या. ड्रायव्हरच्या बाजूने मी उतरलेला पाहून त्या काही न बोलता आत गेल्या, चहा ठेवला. दोन दिवसांनी दादाने लायसन पाकिटात घातलं. परत पाठवायचा पत्ता त्याने मला लिहायला लावला. मग कॅलेंडरकडे गेला आणि म्हणाला, "रविवारी प्रेस्कॉट. आदल्या दिवशी आरसे तुझ्या उंचीला लावून घे."